हुरड्याच्या दिवसांत घेतलेली टेप

परवा सकाळी मागच्या शेतातून धूर आला आणि मी हातातला पेपर खाली ठेवला. हुरड्याच्या आगटीचा धूर लगेच ओळखू येतो. शेणकुटांचा जरा उग्र वास, आणि त्यात मिसळलेला कोवळ्या ज्वारीचा गोडसर, दुधाळ वास. मार्गशीर्ष सरत आला की शिरूरच्या हवेत तो आठ-पंधरा दिवस तरी असतो. नात शेजारी अभ्यास करत बसली होती. ती म्हणाली, "नाना, तुमची बोटं का हलतायत?"

मी पाहिलं तर खरंच गुडघ्यावर दोन्ही हातांची बोटं चालली होती. क्लॅरोनेट हातातून सुटून कितीतरी वर्षं झाली, दात गेल्यावर फुंकायचं सोडलंच. पण बोटांना कोण सांगणार? त्यांना त्या धुरातून थेट दौंड दिसलं असावं. रेल्वे इन्स्टिट्यूटचा तो लांबट हॉल, आणि हॉलच्या मधोमध माणसाहून उंच, जाड तारांचा बास हातात धरून उभे असलेले लेस्टरमामा.

साठएक वर्षं झाली असतील. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. सोमवार ते शनिवार शाळेत पोरांना शिकवायचो आणि लगीनसराईत अब्बांच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचो. अब्बा बँडमास्तर. शिरूरपासून पार तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत आमच्या बँडशिवाय नवरदेव घोड्यावर चढत नसे, असं अब्बा सांगत. थोडं वाढवून सांगत, पण अगदीच खोटं नव्हतं.

त्या साली दौंडजवळच्या एका गावात वरात होती. मी पुढं चालत वाजवत होतो. रस्त्याच्या कडेला निळ्या कपड्यातला एक उंच, गोरा, पन्नाशीचा माणूस सायकल धरून उभा होता. कपड्यांवर कोळशाचे डाग. सगळी माणसं नवरदेवाकडं बघत होती, हा एकटा माझ्या हातांकडं बघत होता. वरात थांबली तसा जवळ आला आणि चक्क आमच्याच बोलीत म्हणाला, "मगाशी तुजं बोट घसरलं. ते चुकून का मुद्दाम?"

मला वाटलं, साहेब लोक, आता चूक काढणार. मी म्हणालो, "मुद्दाम, साहेब. सूर जरा वाकवला की बरा वाटतो."

"साहेब हापिसात. मला मामा म्हन. रविवारी इन्स्टिट्यूटच्या हॉलवर ये."

हे लेस्टरमामा. मेल गाडीचे ड्रायव्हर. त्यांचे आजोबा रेल्वेबरोबर दौंडात आले आणि तिथंच राहिले. घरात इंग्रजी, चर्चमध्ये इंग्रजी, पण लहानपण शेडमधल्या फिटरांच्या पोरांबरोबर भीमेत डुंबण्यात गेलेलं. त्यामुळं मराठी बोलायचे ती अस्सल भीमाकाठची. नवख्या माणसाला आधी हसू यायचं, मग तो ऐकत राहायचा.

रविवारी मी सकाळच्या एसटीनं दौंडला गेलो. हॉलच्या लाकडी जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा मारलेल्या होत्या. कोपऱ्यात पियानो, त्यावर मामांच्या पत्नी डोरीनबाई. त्या रेल्वेच्या शाळेत शिकवायच्या. ड्रमवर तुकाराम, लोको शेडमधला फिटर. घरची शेती, गावात हलगी वाजवत मोठा झालेला. आणि मामांचा तो बास. सारंगीला कुणी खतपाणी घालून एवढी वाढवली असावी, असं मला वाटलं. गज बाजूला ठेवून मामा तारा बोटांनीच ओढत. पहिला सूर लागला तो मला कानानं ऐकू येण्याआधी पायांना लागला. लाकडी जमीन तळव्यांखाली गुणगुणली. मी चपला काढल्या. आजही मला वाटतं, त्या दिवशी मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

"जॅझ म्हंजी काय, मामा?" मी विचारलं.

"तू गोष्ट सांग. मी व्हय व्हय म्हनतो. मदीच मी गोष्ट सांगीन, तवा तू गप ऱ्हा."

एवढंच शिक्षण. बाकीचं वाजवतावाजवता आलं. अब्बांच्या बँडमध्ये चाल सुरू केली की शेवटापर्यंत तशीच न्यायची असते. इथं चाल दोनदा वाजवायची आणि मग दार उघडून बाहेर पडायचं. कुठंही जा, मामांचा बास खाली चालत असतो, एका लयीत, पाय न घसरता. कितीही भटकलं तरी तो ऐकला की घर कुठं आहे ते कळतं. पहिल्यांदा मी तसा बाहेर पडलो आणि नीट परत आलो, तेव्हा तुकारामानं ड्रमची एक काठी हवेत फेकून झेलली. मी इतका खूश झालो होतो की परतीच्या एसटीत उभ्यानंच शिरूरला आलो. बसायला जागा होती. बसवेना.

त्या हिवाळ्यात मी रविवारसाठी जगत होतो, असं म्हटलं तरी चालेल. तुकाराम गावाकडून हुरड्याची कणसं आणायचा. हॉलच्या मागं आगटी पेटायची. मामा गरम कणसं तळहातावर चोळून दाणे काढत, फुंकर मारून कोंडा उडवत, आणि आधी डोरीनबाईंच्या हातावर देत. लसणाची चटणी त्यांना तिखट लागायची, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी त्या पुन्हा हात पुढं करायच्या. हॉलच्या पाठीमागूनच शंटिंगची लाइन जात होती. डबे एकमेकांवर आदळत, इंजिनं सुस्कारे सोडत, आणि आम्ही खात, बोलत, मध्येच एखादी जागा गुणगुणत बसायचो.

एक गोष्ट मात्र मला लागायची. मी वरच्या पट्टीत गेलो की डोरीनबाई पियानोवरून हळूच म्हणायच्या, "थोडा नीचे, बेटा." मला वाटे, वरचे सूर मला जमत नाहीत. मामा कधी तसं म्हणाले नाहीत. ते माझ्या बोटांकडं बघत राहायचे, इतके टक लावून, की मला बरं वाटायचं. एवढा जाणकार माणूस माझ्या बोटांवरून नजर हलवत नाही.

एका रविवारी मामा म्हणाले, "मला हे भाईरून ऐकायचंय. बासच्या बाजूला हुबं राहिलं की बासच ऐकू येतो. तुमी काय करता ते मला कवा कळायचं?" पुण्यात रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणारे भिडे त्यांच्या ओळखीचे होते. भिड्यांकडं नवीन टेपरेकॉर्डर आला होता. पुढच्या रविवारी ते मशीन घेऊन येणार. टेपची एकच चकती मिळाली होती, अर्ध्या तासाची. चुकलं तर चुकलं.

"आन् हॉल मोकळा नको," मामा तुकारामाला म्हणाले. "समोर मानसं नसली की मला वाजवता येत न्हाई. तुज्या गावची आन."

"आमची मानसं कवा असलं ऐकत्यात, मामा?"

"आन तर."

घरी आलो आणि अब्बांना सांगायचं धाडस होईना. त्याच रविवारी तळेगाव ढमढेऱ्यात मोठ्या घरचं लग्न होतं, आणि आमच्या घरात चांगलं क्लॅरोनेट एकच होतं, अब्बांनी तरुणपणी घेतलेलं. शेवटी मंगळवारी जेवताना सांगितलं. अब्बा खाली बघून जेवत राहिले. मग म्हणाले, "मशीनमध्ये आवाज राहतो म्हणतोस?"

"हो, अब्बा."

"मी चाळीस वर्षं वाजवलं. सगळं त्या त्या रस्त्यावरच राहिलं." त्यांनी हात धुतले, आत गेले आणि क्लॅरोनेटची पेटी माझ्यापुढं ठेवली. "मी रविवारी ट्रंपेट वाजवतो. तोंडाची पत्ती नवीन लाव. आणि कुणाचं ऐकून घाबरत वाजवू नकोस."

रविवारी अकरा वाजता हॉलवर पोचलो, तर बाहेर तीन बैलगाड्या सुटलेल्या. तुकारामानं अर्धं गाव आणलं होतं. रेल्वे कॉलनीतली मंडळी इस्त्रीचे कपडे, फ्रॉक, टोप्या घालून खुर्च्यांवर. पुढं सतरंजीवर तुकारामाच्या गावची माणसं, फेटे, नऊवारी, मांडीवर लेकरं. दोन्हीकडची मंडळी एकमेकांना चोरून न्याहाळत होती. तुकारामाचे वडील, आप्पा, पुढंच बसले होते. त्यांनी बासकडं नीट बघून घेतलं आणि मुलाला विचारलं, "ह्ये हुबं ठिवून वाजिवत्यात का आडवं पाडून?"

भिड्यांनी सुटकेसएवढं मशीन टेबलावर ठेवलं, माइक पियानोजवळ उभा केला, कानाला हेडफोन लावले आणि आम्हाला थोडं वाजवायला सांगितलं. आम्ही वाजवलं. त्यांनी मान हलवली. "ड्रम येतोय, क्लॅरोनेट येतंय. बास येतच नाही."

ज्याच्या नावानं हा सगळा खटाटोप, तोच येत नव्हता. माइक एकच. बासजवळ नेला तर ड्रम त्याला गिळून टाकणार. तेवढ्यात डोरीनबाई उठल्या, आतून एक टॉवेल आणला, माइक त्यात गुंडाळला आणि बासच्या तारांखालच्या लाकडी घोडीत पक्का बसवून दिला. त्या भिड्यांना म्हणाल्या, "आता हा इथंच राहील. आम्ही सगळे लांब जातो."

मग जे झालं ते आठवलं की आजही मला हसू येतं. पियानो मागं ढकलायला सतरंजीवरचे दहा गडी उठले. "हं, घ्या," करत त्यांनी तो भिंतीपर्यंत नेला. ड्रम उचलून व्हरांड्यात ठेवले. तुकाराम खिडकीतून आत बघत वाजवणार. मला भिडे बोटानं मागं मागं सारत राहिले, आणि मी शेवटी दाराच्या उंबऱ्यावर जाऊन थांबलो. मधोमध मामा एकटे. "आता?" त्यांनी विचारलं. भिड्यांनी हेडफोन दाबून धरले आणि पहिल्यांदाच हसले. "आता तुम्ही आहात."

चकत्या फिरू लागल्या.

पहिल्या दोन चाली आम्ही सांभाळून वाजवल्या. कॉलनीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सतरंजी गप्प होती, लेकरंसुद्धा गप्प. गावाला हे आवडत नाहीये, आणि त्यांची ती शांतता टेपमध्ये कायमची राहणार, असं वाटून गेलं.

तिसरी चाल मामांनी एकट्यानं सुरू केली. ठरलेली ती चाल नव्हती. बासच्या जाड तारेवर, सावकाश, त्यांनी भलरी धरली. ज्वारी कापताना गडी आणि बाया मिळून म्हणतात ती. इतक्या खालच्या आवाजात भलरी कुणी ऐकलीच नव्हती, त्यामुळं दोन ओळी कुणाला काही उमगेना. मग आप्पा ताठ झाले. शेजारच्या म्हातारीला म्हणाले, "आगं, आपली भलरी हाय ही."

"व्हय की," म्हातारी म्हणाली. ही दोन्ही वाक्यं टेपमध्ये होती.

मग काय झालं ते सुसंगत सांगता येणार नाही. व्हरांड्यातून तुकारामानं ड्रमवर हलगीचा ठेका धरला. डोरीनबाईंनी डाव्या हातानं त्याला जवाब दिला. मी उंबऱ्यावरून आत शिरलो, चाल दोनदा सरळ वाजवली आणि बाहेर पडलो. अब्बांचं वाक्य आठवलं आणि वरच्या पट्टीत गेलो. डोरीनबाई काही म्हणाल्या नाहीत, किंवा म्हणाल्या असतील तर मी ऐकलं नाही. वरती, आणखी वरती. सतरंजीवर लोक मांडीवर ठेका देत होते, खुर्च्यांवरचे बूट जमिनीवर वाजत होते, दोन्हींचा ठोका एकच पडत होता. मी माझ्या आयुष्यात इतका उंच कधी गेलो नव्हतो, आणि खाली मामांचा बास चालत होता म्हणून पडायची भीती नव्हती.

मध्येच हॉलच्या मागं, शंटिंगच्या लाइनीवर, एका गार्डानं तोंडातली शिट्टी फुंकली. बारीक, लांबलचक, अगदी खिडकीपाशी. सगळ्या हॉलनं माना वळवल्या. मी वाजवतच होतो. तो सूर उचलला, वाकवला आणि माझ्या गोष्टीत घालून टाकला. लोक हसले, टाळ्या पडल्या. मामांनी हसणाऱ्या लोकांकडं पाहिलं आणि तेही हसले.

भलरी संपली तेव्हा टेपही जवळजवळ संपली होती. मग एकच गलका. बायाबापड्या बासला हात लावून बघत होत्या, कॉलनीतल्या मुली तुकारामाच्या गावच्या पोरींबरोबर आगटीकडं पळाल्या. आप्पा मामांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मामा, कापनीला या. ह्ये घिऊन या." मामा म्हणाले, "येतो की."

भिड्यांनी टेप उलटी फिरवली. स्पीकरचा आवाज लहान होता, म्हणून त्यांनी हेडफोन मामांच्या कानांवर चढवले. मामांनी खुणेनं सांगितलं, मोठा. भिड्यांनी बटण फिरवलं. अजून. भिडे माझ्याकडं बघू लागले. हेडफोनमधून आवाज एवढा बाहेर फुटत होता, की मला पाच पावलांवरून माझंच क्लॅरोनेट ऐकू येत होतं. मामांनी डोळे मिटले होते. भलरी आली. मी वर चढलो तिथं त्यांचा चेहरा बदलला. जन्मल्यापासून अंगणात असलेल्या झाडाला आज पहिल्यांदा फूल दिसावं, तसा. ते डोळे मिटूनच म्हणाले, "डोरीन, ह्यो एवढा वर जातो?"

डोरीनबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग ती शिट्टी आली. मामांनी डोळे उघडले. हेडफोन एका हातानं उचलून त्यांनी विचारलं, "ही शिट्टी कसली?"

"गार्डाची, मामा," तुकाराम म्हणाला. "मागच्या लाइनीला झाली न्हवं का. सगळ्यांनी बगितलं की."

"कवा?"

डोरीनबाईंनी मान खाली घातली. त्यांना हे कधीपासून ठाऊक होतं, हे मला तेव्हा समजलं, आणि "थोडा नीचे, बेटा" का म्हणायच्या तेही. खालचे सूर मामांपर्यंत पोचत होते. वरचे गेले होते. तीस वर्षं इंजिनाच्या तोंडाशी उभं राहून कानांचा तेवढा भाग झिजला होता. ते माझी बोटं वाचत होते. आणि मेल घेऊन निघताना गार्डाची शिट्टी फायरमन त्यांना सांगत असला पाहिजे.

मामांनी टेप शेवटपर्यंत ऐकली. मग हेडफोन काढून भिड्यांच्या हातात दिले आणि शांतपणे म्हणाले, "माज्या मागं सातशे-आठशे मानसं असत्यात." बाहेर आगटीवर गलका चालला होता. आम्ही चौघं-पाच जण त्या टेबलाभोवती उभे होतो. मग मामांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "चल. हुरडा संपवतील सगळे."

ड्रायव्हरांची रेल्वेच्या डॉक्टरकडची तपासणी दोन महिन्यांवर होती. आधीच्या तपासणीत डॉक्टरच्या ओठांकडं बघून त्यांनी वेळ मारून नेली होती, ते पुढं त्यांनीच सांगितलं. या वेळी त्यांनी दोन महिने थांबायचं नाही असं ठरवलं. सोमवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसात गेले आणि लिहून दिलं, की मला गार्डाची शिट्टी ऐकू येत नाही, मला गाडीवरून उतरवा. तुकाराम त्या वेळी शेडमध्ये होता. त्यानं मला नंतर सांगितलं, की साहेबानं दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. मामा म्हणाले, "टेपात हाय. ऐकवू का?" त्यांना शेडमध्ये बसून करायचं काम मिळालं. मेलवरचा ड्रायव्हर शेडमध्ये बसतो तेव्हा त्याला काय वाटतं, ते रेल्वेवालाच जाणे.

पुढच्या रविवारी दौंडला जाताना वाटत होतं, हॉलला कुलूप असेल. अब्बा म्हणाले होते, "कुलूप असलं तर घरी जा त्यांच्या. पेटी घेऊन जा." पण हॉलचं दार उघडं होतं. पियानो जागेवर आला होता, ड्रम आत आले होते. मामा एकटेच बासची तार लावत उभे होते. मी चपला काढल्या, पेटी उघडली, पत्ती ओली केली, आणि त्यांना त्रास नको म्हणून खालच्या पट्टीत सुरुवात केली.

मामांनी हात वर करून मला थांबवलं.

"खाली का वाजवतोस?"

मी क्लॅरोनेट तोंडावरून खाली घेतलं.

"वर जा," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई, ते माजं मी बगतो. तू कसा वाजतोस ते आता मला ठावं हाय."

आणि त्यांनी बास धरला. आम्ही त्यानंतर सहा हिवाळे तसे वाजवले.